चापटीचे अभ्यासक

जेवणाच्या सुट्टीत ते वाचत बसले की मी त्यांच्या डाव्या कानाकडे लक्ष ठेवायचो. बाकी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. डबा उघडा, दहीभात अर्धा संपलेला, समोर मराठी वाचनालयातून आणलेला जुना दिवाळी अंक. मधेच कान लाल व्हायचा. मग ते चष्मा काढायचे, अंकावर डब्याचं झाकण ठेवायचे आणि खिडकीतून चामुंडीच्या डोंगराकडे पाहत बसायचे. शिपाई "सार, सार" करत उभा राहायचा आणि परत जायचा. थोड्या वेळाने ते झाकण उचलायचे, पान उलटायचे आणि उरलेला दहीभात शांतपणे संपवायचे.

म्हैसूरच्या एका विमा कचेरीत आम्ही बरोबर होतो. मी अंतर्गत हिशेबतपासनीस, ते प्रस्ताव विभागात. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला माझं नाव सोडून "ऑडिटर" म्हणायचे, माझ्या बायकोसमोरसुद्धा.

आता गोष्ट सरळच सांगतो, कारण आडून सांगणं मला जमत नाही. एका मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला, दोघांच्या राजीखुशीने, बसायच्या जागेवर चापट्या मारणं, या एका कल्पनेत त्यांचा जीव अडकला होता. कळायला लागल्यापासून. प्रत्यक्षात त्यांनी कधी काही केलं नाही. पण वाचताना, बसमध्ये बसून बाहेर बघताना, मीटिंगमध्ये पंख्याखाली डुलकी लागताना त्यांचं मन फिरून फिरून तिथेच जायचं. हे लिहू का म्हणून मी मागे विचारलं तेव्हा म्हणाले, "लिही की. नाव घालू नको. आणि वाढवून लिहू नको, तुला ते जमणारही नाही."

त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापडावर ठसे मारायचं काम घरात होतं, नंतर सगळे नोकऱ्यांत गेले. ते एकटे देवराज मोहल्ल्यात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायचे. घरची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, मधे मधे कन्नड पेरलेली. "अष्टे" हा त्यांचा लाडका शब्द, म्हणजे "एवढंच". कुठल्याही बोलण्याचा शेवट ते "अष्टे" म्हणून करायचे, आणि तो शेवट असायचा.

कामात ते आमच्या कचेरीतले सगळ्यांत पक्के. विमा घेणाऱ्याने स्वतःबद्दलची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आधी सांगायची असते. दडवली आणि मागाहून उघडकीला आली तर करार टिकत नाही. हा नियम बाकीच्यांना परीक्षेपुरता पाठ होता, त्यांच्या मात्र हाडात होता. समोर बसलेल्या माणसाला ते इतक्या मायेने खोदत की तो आपल्या साखरेपासून काकाच्या वेडापर्यंत सगळं सांगून टाकायचा आणि वर हलकं वाटलं म्हणून आभार मानायचा. "दोष असला तर चालतो," ते त्याला सांगायचे. "दोषाचा थोडा जास्त हप्ता लावता येतो. दडवलेल्या दोषाला हप्ता नाही. अष्टे."

मला त्यांचं गुपित कळलं ते नंजनगूडच्या गाडीत. तिथल्या एका कारखान्यात पाणी शिरलं होतं आणि नुकसान बघायला आम्ही दोघं निघालो होतो. त्यांच्या हातात मासिक होतं. गाडी म्हैसूरहून सुटली तेव्हा जे पान उघडं होतं तेच कपिला नदीचा पूल आला तरी उघडं. मी म्हटलं, "अण्णा, एका पानात एवढं काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू की बरं सांगू?"

"खरं."

मग त्यांनी सांगितलं. प्रस्तावातला एखादा रकाना वाचून दाखवावा तसं, आवाज न बदलता. त्या पानावर एका आडदांड कारभारणीने घरजावयाला ओसरीवर ओणवा करून चार ठेवून दिल्या होत्या. मी ऐकून घेतलं. एक गोष्ट मला विचारावीशी वाटली.

"याचा कुणाला त्रास होतो?"

"आजवर मलाच."

"मग खर्चात धरायला नको," मी म्हणालो.

ते इतके मोठ्याने हसले की समोरच्या बाईंनी मांडीवरची टोपली सावरली. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "म्हणून लग्न केलं नाहीत?"

"न सांगता करायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे प्रस्ताव दडवलं म्हणून परत पाठवले, आता स्वतःचाच तसा भरू? आणि सांगायचं कसं ते ठाऊक नाही. मुलगी बघायला गेलो की पोहे येतात, मी तोंड उघडतो आणि पोहे खातो. तीन-चार चांगल्या घरच्या मुली अशाच गेल्या. आता वय गेलं. बिडी." बिडी म्हणजे सोडा ते. खिडकीबाहेर उसाची शेतं होती. ते पुन्हा त्याच पानाकडे वळले, पण या वेळी कान लाल झाला नाही.

त्या दिवसापासून माझ्यासमोर त्यांना झाकण ठेवावं लागेना. उलट ते मला दाखवायचे. माणसाचं वाचन एका आवडीने किती रंगू शकतं हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो. वर्तमानपत्रातल्या पाककृतीत "पीठ हाताने थापून घ्यावे" आलं की त्यांची बोटं टेबलावर थबकायची. धपाट्यांची कृती तर ते एका बैठकीत वाचूच शकत नसत. पुराणात रुसलेली राणी राजाला तिष्ठत ठेवते, तिथे ते म्हणायचे, "एवढ्यावर भागायचं नाही बघ, पुढे काहीतरी आहे." पुढे काही नसायचं. राणी प्रसन्न व्हायची. ते पुस्तक मिटून म्हणायचे, "लेखकाने दडवलं."

कादंबरी निवडायची त्यांची रीतच वेगळी. आधी मधलं एखादं पान उघडायचं, तिथे तापट बाई आणि आगाऊ पुरुष आहे का बघायचं. असले तर पुस्तक घरी. बक्षीस मिळालेली कितीतरी पुस्तकं त्यांनी उभ्याउभ्या परत ठेवली. "भाषा चांगली आहे," म्हणायचे, "पण सगळे फारच समजूतदार."

यात एक कुंपण होतं आणि ते फार पक्कं होतं. लहान मुलांना मारल्याचं वर्णन त्यांच्याने वाचवत नसे. शाळेच्या आठवणींत मास्तरांची छडी कौतुकाने सांगितलेली असते, तसलं काही लागलं की ते पान उलटत नसत, अंकच परत करत. "तो मार," ते म्हणत. "त्यात पोराला कुणी विचारलेलं नसतं." लाठीमाराच्या बातमीवरून त्यांचं जेवण जायचं. आमच्या कचेरीत एक गृहस्थ होते, पोराला पट्ट्याने सरळ केला म्हणून सांगणारे. ते गृहस्थ बदली होऊन जाईपर्यंत हे त्यांच्याशी फाइलीपलीकडे एक शब्द बोलले नाहीत. इतका मऊ माणूस, पण तिथे दगड.

एकदा गंमत झाली. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनी मराठी मंडळाच्या लोकांना सांगितलं की आपल्याकडची जुनी प्रहसनं अण्णांनी झाडून वाचलीत. झाडून वाचली होती हे खरंच. प्रहसनात मारामारी फार, हे त्यांना कुणीतरी तरुणपणी सांगितलं होतं. मंडळाने व्याख्यान ठरवलं, विषय "जुन्या प्रहसनांतला संसार". ते नको म्हणत होते. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्याएवढा अभ्यास कुणाचा आहे?"

त्या संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. व्याख्यान अप्रतिम झालं. कंजूष सावकाराला बायको लाटण्याने दानधर्म कसा शिकवते, बाहेरख्याली वैद्यबुवाला घरातल्या केरसुणीने कसा गुण येतो, ढोंगी बुवाला भक्तिणी मठाबाहेर कशा काढतात, हे सगळं त्यांनी आवाज बदलून, खांदे पाडून, पळून दाखवलं. लोक डोळे पुसत हसत होते. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं, "यांच्यात एवढा नट होता?" अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी समारोपात सांगितलं की एका विषयावर इतकं एकाग्र मन आपण फार दिवसांत पाहिलं नाही.

बाहेर चपला घालताना अण्णा माझ्याजवळ आले. "ऑडिटर, कुणाला काही कळलं?"

"नाही."

"तुला?"

"मला सगळी उदाहरणं एकाच खात्यातली वाटली."

"पण खातं भरलेलं होतं की नाही?" ते म्हणाले, आणि शाल सावरत पुन्हा आत गेले, कारण आत काही बायका त्यांना केरसुणीचा प्रवेश परत करायला सांगत होत्या.

दुसरी गोष्ट मीटिंगची. बंगळूरच्या कचेरीतून एक मॅडम तपासणीला यायच्या. उंच, स्वच्छ आवाज, आणि जीभ अशी की शाखाधिकारी आधीच दोन ग्लास पाणी पिऊन बसायचे. त्या सगळ्यांना एकेक करून झोडपायच्या. आम्ही घामाघूम. अण्णा मात्र तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीसारखे तृप्त.

"तुम्ही हसताय कशाला?" मॅडमनी एकदा विचारलं.

"हसत नाही मॅडम. आपलं बरोबर आहे. अजून सांगा."

मॅडम पुढच्या माणसाकडे वळल्या. मला वाटलं, मनातल्या मनात हे मॅडमना दोन ठेवून देत असणार, म्हणून एवढा आनंद. मी त्यांना तसं विचारलं नाही. माझ्या डोक्यात ते पहिल्यापासून मारणाऱ्यांच्या बाजूला बसलेले होते आणि तो आकडा मी कधी पडताळून पाहिला नाही.

मग हुणसूरच्या बाई आल्या.

हुणसूर म्हणजे तंबाखूचा मुलूख. लिलावाच्या दिवसांत तिथे बसमधून उतरलं की वासानेच कळतं. तिथे या बाईंचं औषधांचं दुकान होतं. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, लग्न झालेलं नाही. घराणं म्हैसूरच्या जुन्या पलटणीतल्या मराठ्यांचं, त्यामुळे बोलण्यात हुकूम. विम्याचा प्रस्ताव घेऊन आमच्याकडे आल्या आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे त्यांना खोदायला सुरुवात केली. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. शेवटी म्हणाल्या, "माझे दोष झाले. आता तुमच्या कंपनीचे सांगा की. की ते दडवले तर चालतात?"

मी पलीकडच्या टेबलावर होतो. अण्णांचा डावा कान लाल झाला. समोर पुस्तक नसताना तो लाल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर ते सुट्टीच्या शनिवारी बस पकडून हुणसूरला जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायला जाऊ लागले. त्याच गोळ्या त्यांच्या घरासमोर मिळायच्या. दुकानात बाईंची अत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असायची. ती फार दिवस गप्प राहणारी नव्हती. "संपल्या का हो इतक्यात?" तिने एकदा विचारलं. "माणूस गोळ्या खातो की बैल? लग्नाचं विचारायला आला असाल तर विचारा. आमच्या पोरीला बस बघत बसायला वेळ नाही."

अण्णा म्हणाले, "विचारायचंच आहे. पण आधी एक गोष्ट सांगायची आहे." आणि गोळ्या घेऊन म्हैसूरला परत आले.

सोमवारी कचेरीत त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "सांगून टाका."

"सोपं नाही रे. तिची मोठी बहीण घरात आहे. नवरा मारायचा म्हणून माघारी आलेली. मी काहीही बोललो तरी त्यात 'मार' हा शब्द येणार. त्या शब्दापुढे ती ऐकेल कशाला?" पुढे म्हणाले, "न सांगता होय म्हणून टाकावं असं काल पहिल्यांदा मनात आलं. त्याचीच मला भीती वाटली." मग खाली मान घालून, "तू येशील? मी पळून आलो तर धरायला."

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. बसमध्ये ते ओठ हलवत वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. दुकानात पोचलो तेव्हा बाई एका शेतकऱ्याला खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते सांगत होत्या. आम्हाला बघून अत्याला म्हणाल्या, "अत्या, आत जाऊन कॉफी ठेव." अत्या गेली नाही. बाईंनी नुसतं बघितलं, मग गेली.

"सांगा," बाई म्हणाल्या.

अण्णांनी सुरुवात केली. तेवढ्यात एकजण तापाची गोळी मागायला आला. तो गेल्यावर पुन्हा सुरुवात केली. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही. मला त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात. ते म्हणाले, "माझ्यात एक दोष आहे. मला चापट्यांची आवड आहे. संसारात. मोठ्या माणसांत. लहानपणापासून मनातून जात नाही."

बाईंचा हात काउंटरवर होता. तो त्यांनी मागे घेतला.

"बायकोवर हात टाकायची आवड?"

अण्णा रुमालाने कपाळ पुसू लागले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तसं नाही हो. राजीखुशीने. समोरच्याची तयारी असेल तरच."

"माझ्या भावजींनाही वाटायचं, अक्काची तयारी आहे," बाई म्हणाल्या.

अण्णा उठले. जाताना खाली पडलेला आपला रुमाल उचलायला वाकले. एक म्हातारी दम्याचं औषध मागायला आली. बाईंनी तिला बाटली काढून दिली, झाकण सैल करून दिलं, दिवसातून किती वेळा ते दोनदा समजावलं. म्हातारी पायरी उतरली. बाई पाठमोऱ्याच होत्या. तशाच म्हणाल्या, "थांबा. एक सांगा. यात तुम्ही मारणारे, की खाणारे?"

अण्णा दारात थांबले.

"खाणारे," ते म्हणाले.

मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोरून घरजावई गेला, कंजूष सावकार गेला, बंगळूरच्या मॅडम गेल्या. इतकी वर्षं रोज शेजारी बसून मी जमा की नावे एवढं विचारलं नव्हतं. बाईंनी पाच मिनिटांत विचारलं.

"मग हे आधी सांगायचं की हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून कडकच होता, पण हात पुन्हा काउंटरवर आला होता. "आणि नाही मिळालं तर?"

"आजवर नाहीच मिळालं. जगलोय."

"कुणाला ठाऊक आहे?"

"याला. आणि आता तुम्हाला."

"हे काय म्हणाले?"

"खर्चात धरायला नको म्हणाला."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझी पदवी परत द्यावीशी वाटली. मग अत्या कॉफी घेऊन आली आणि आम्ही चौघांनी ती उभ्यानेच प्यायली. निघताना बाई म्हणाल्या, "मला विचार करायला वेळ पाहिजे. फोन करू नका."

नंतरचे दिवस अण्णांनी काही वाचलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे, खायचे, बंद करायचे. वाचनालयाच्या बाईंनी माझ्याजवळ चौकशी केली, तब्येत बरी आहे ना म्हणून. मी विचारलं, "सांगितलं त्याचा पस्तावा होतोय?"

"नाही. नाकारलं तर ते पूर्ण माहिती घेऊन नाकारलेलं असेल. अशा माणसाचा नकारही चांगला असतो." पण हे बोलताना ते रिकाम्या डब्यात चमचा फिरवत होते.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी बाई कचेरीत आल्या, बरोबर अत्या. अत्या दाराशीच शिपायाला, सरकारी कचेरी नसताना पंखे एवढे हळू का फिरतात, ते विचारत राहिली. बाई सरळ अण्णांच्या टेबलापाशी आल्या आणि समोरच्या खुर्चीवर, प्रस्ताव भरणारे बसतात तिथे, बसल्या.

"तुमच्या रंगाऱ्यांत लिंबाच्या डहाळीचा खेळ असतो का?"

"तो कसला?"

"आमच्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी कडुलिंबाच्या डहाळ्यांनी एकमेकांना मारतात. अंगणात, सगळ्यांसमोर. बायका गाणी म्हणतात. पलटणीत होतो तेव्हापासूनचं आहे. आताच्या पोरी नको म्हणतात, फोटोत केस विस्कटलेले येतात म्हणून." बाईंनी पदर नीट केला. "मला पाहिजे तो खेळ."

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात कशाला असेल? आमच्या अंगणात असतं."

"मी चाळीस वर्षं शोधतोय," अण्णा म्हणाले, "आणि हे हुणसूरला होतं."

"अट एक आहे," बाईंचा आवाज खाली आला, पण मी जवळच होतो. "मला राग आला असेल त्या दिवशी नाही. रागाचा हात मी घरात पाहिलाय. मला हसू येत असेल त्याच दिवशी. आणि मी नाही म्हटलं की नाही. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले. मग सवयीने, "अजून काही सांगायचं राहिलंय?"

"मी घोरते."

"थोडा जास्त हप्ता लागेल," अण्णा म्हणाले. दारातून अत्याने विचारलं, "होय म्हणाले का नाही अजून?" आणि बाईंनी न वळता सांगितलं, "आयतु, अत्या." म्हणजे झालं.

लग्न रजिस्टर कचेरीत झालं. दुसऱ्या दिवशी हुणसूरला बाईंच्या घरामागच्या अंगणात आम्ही जमलो, घरची माणसं, दुकानाशेजारचे काहीजण, आणि माझ्याबरोबर माझी बायको. अक्का, म्हणजे बाईंची मोठी बहीण, डहाळ्या घेऊन आली. तिने एकेक डहाळी हातावर मारून बघितली आणि जाड होत्या त्या बाजूला टाकल्या. तिला कितपत ठाऊक होतं मी विचारलं नाही. अत्याने गाणं धरलं. शब्द अर्धे मराठी, अर्धे कन्नड, आणि अर्थ असा की राऊताचा घोडा अडला आहे, त्याला हाकायला कोण आहे.

आधी नवरीची पाळी. बाईंनी डहाळी घेतली, अण्णांना खांद्याला धरून वळवलं आणि हाणली. पाला उडाला. बायका ओरडल्या, "जोरात की ग." बाईंना हसू आवरेना. त्यांनी पुन्हा हाणली, मग पुन्हा. साठीकडे झुकलेला तो माणूस भर उन्हात, पाठ करून, सगळ्यांसमोर उभा होता. त्यांचे दोन्ही कान लाल झाले होते आणि समोर झाकायला काही नव्हतं, झाकायची गरजही नव्हती. सगळेच हसत होते, त्यात ते हसत होते.

मग अत्याने दुसरी डहाळी त्यांच्या हातात दिली. "आता तुमची पाळी."

अण्णांनी डहाळी घेतली, उलटसुलट करून बघितली. अक्का भिंतीला टेकून उभी होती. तिचं हसणं थांबलं होतं. अण्णांनी ती डहाळी दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरली.

"अहो मारा की," अत्या म्हणाली. "रीत आहे ती."

"माझी पाळी मी हिलाच दिली," अण्णा म्हणाले. "कायमची."

मग बायकांत एकच कौतुक सुटलं. असला नवरा मिळायला पुण्य लागतं, कुणीतरी म्हणालं. एक म्हातारी आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा जरा, शिका." अक्काने पदराने डोळे टिपले आणि आत जाऊन सगळ्यांसाठी पानं मांडायला घेतली. बाईंनी दोन्ही डहाळ्या एका मुठीत घेतल्या आणि नवऱ्याकडे असं बघितलं की मी नजर दुसरीकडे वळवली.

परतीच्या बसमध्ये माझी बायको खिडकीशी बसली होती. बिळिकेरे मागे पडल्यावर म्हणाली, "किती सभ्य माणूस आहे नाही? अंगणात एवढी माणसं, रीत म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, तरी बायकोवर डहाळीसुद्धा उगारली नाही."

मी हिशेबाचा माणूस. जे खरं नाही त्याखाली सही करत नाही. मी सगळं नीट तपासून बघितलं आणि म्हणालो, "आहे. फार सभ्य आहे."